समुद्रशैवाल, आतड्याची रोगप्रतिकारशक्ती आणि केमोथेरपी : एक ऐतिहासिक आढावा

केमोथेरपी आणि समुद्र यांचा संबंध प्रथम औषधाच्या रूपाने आला, अन्नाच्या नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे वेर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजात वेगळ्याच शर्करेची न्यूक्लिओसाइडे आढळली. त्याविषयीचे निबंध १९५० व १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर १९५९ मध्ये सायटाराबिन हे संयुग तयार करण्यात आले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्यास रक्ताच्या कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली.

हे औषध वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करते. आतड्याच्या अस्तरातील पेशी दर तीन ते पाच दिवसांनी बदलत असल्याने कर्कपेशींबरोबर त्याही मरतात. शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा याच अस्तराच्या आश्रयाने असतो. अस्तर भंगले की आतड्यातील जीवाणू रक्तात शिरू शकतात आणि पांढऱ्या पेशी आधीच घटलेल्या असल्याने ते रुग्णाच्या जिवावर बेतते. समुद्राने दिलेल्या औषधाची ही बाजू समुद्रातील अन्नाने सावरता येईल काय, हा प्रश्न येथूनच उद्भवतो.

या दृष्टीने सर्वाधिक चर्चा झाली ती फ्युकॉयडानची. स्वीडनमधील उप्साला येथील हाराल्ड किलीन यांनी १९१३ मध्ये तपकिरी शैवालातून ही गंधकयुक्त बहुशर्करा वेगळी केली, तेव्हा तिचा कर्करोगाशी काही संबंध जोडला गेला नव्हता. पुढे, विशेषतः कोंबू व मोझुकू ही शैवाले नित्य आहारात असलेल्या जपानमध्ये, तिच्यावर बरेच संशोधन झाले. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी सायक्लोफॉस्फमाइड दिलेल्या उंदरांना समुद्री काकडीतील फ्युकॉयडान खाऊ घातले असता आतड्याच्या अस्तराची हानी कमी झाल्याचे नोंदविले.

मात्र उंदरावरून रुग्णाविषयी अनुमान काढण्याची घाई योग्य नव्हे. शैवालातील बहुशर्करा पचविणारी विकरे मानवाजवळ नाहीत. ते काम आतड्यातील जीवाणूंचे. मराठी स्वयंपाकघरातील 'चायना ग्रास' हाही लाल शैवालाचाच अर्क, आणि तोही बव्हंशी न पचताच पुढे जातो. २०१० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले की, नोरी या लाल शैवालातील बहुशर्करा फोडणारी जनुके सागरी जीवाणूंकडून जपानी लोकांच्या आतड्यातील जीवाणूंकडे आली आहेत. तुलनेसाठी तपासलेल्या उत्तर अमेरिकन व्यक्तींमध्ये ती आढळली नाहीत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शैवाल खाणाऱ्या समाजातील निष्कर्ष अन्य समाजाला जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. पूरक आहाराच्या जाहिरातींत नेमकी हीच बाब गाळलेली असते.

माशाच्या तेलाची वाटचाल अधिक सावध राहिली. युरोपातील वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या 'एस्पेन' या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, प्रगत कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या आणि वजन घटण्याचा धोका असलेल्या रुग्णांना ते सुचविले. भूक व वजन टिकावे एवढाच त्यामागील हेतू होता, आणि पुरावा अल्प असल्याने ही शिफारस दुर्बल असल्याचेही तेथेच नमूद केले. फ्युकॉयडान जपानमध्ये पूरक आहार म्हणूनच विकले जाते.