पाहुणं इंजिन

काही वर्षांपूर्वी ऑनसाइटला अमेरिकेत होतो तेव्हा माझा रूममेट एका व्हॅनच्या प्रेमात पडला. १९८५ ची फोक्सवॅगन व्हॅनागन, आत सुबारूचं इंजिन. मालक म्हणाला, "इंजिन जपानी आहे, आता बघायला नको." गडी सगळी शिल्लक ओतायला तयार! म्हटलं थांब बाबा, आधी इतिहास बघू.

१९७९ मध्ये ही व्हॅन आली तेव्हा तिचं मागचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. १९८२ मध्ये कंपनीने पाण्यावर थंड होणारं इंजिन बसवलं. म्हणजे इंजिन मागे, रेडिएटर पुढे आणि मधे गाडीच्या पोटाखालून लांबलचक पाइप. कूलंट वेळेवर बदललं नाही की हेडला गंज चढायचा आणि रबरी सील गळायला लागायचं.

अमेरिकेतली विक्री १९९१ च्या मॉडेलनंतर थांबली, पण गाड्या रस्त्यावरच राहिल्या. मग लोकांनी सुबारू लेगसीचं २.२ लिटरचं इंजिन त्यात घातलं. तेही आडव्या चार सिलिंडरचं, त्यामुळे मागच्या कप्प्यात मावतं. ताकद १३० हॉर्सपॉवर, मूळ इंजिनची जेमतेम ८०च्या वर.

खरी गोची इथेच आहे. त्या इंजिनने नाव कमावलं ते स्वतःच्या गाडीत. इथे त्याचं वायरिंग हाताने कापून जोडलेलं, खाली घासू नये म्हणून ऑइलचा संप बऱ्याचदा छोटा केलेला, कूलंटचे पाइप जुनेच आणि गिअरबॉक्स कमी ताकदीच्या हिशोबाने बनवलेला. इंजिन ठणठणीत असूनही गाडी रस्त्यात बसू शकते, एका होजपायी किंवा वायरच्या एका जॉइंटपायी.

दक्षिण आफ्रिकेत हीच व्हॅन २००२ पर्यंत बनत होती, शेवटी शेवटी ऑडीच्या पाच सिलिंडरच्या इंजिनवर. इंजिन तिथेही दुसऱ्या गाडीचंच. पण ते बसवलं कारखान्याने, आणि प्रत्येक गाडीत एकाच पद्धतीने. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथे इंटिग्रेशन टेस्टिंग झालं होतं.

म्हणून मालकाला दोनच प्रश्न विचारले. वायरिंगचा डायग्राम आहे का? कूलंटचे पाइप कधी बदलले?

"ते सगळं आधीच्या मालकाने केलंय, मला काही माहीत नाही."

हे वाक्य आपण प्रत्येक हँडओव्हरला ऐकतो, नाही का? आम्ही बसने घरी आलो. रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.