बाणाई अर्ध्या डोंगरावर का?

लग्नानंतर खंडोबाचे जागरण घालण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांत आहे. रात्री चौक भरतात, घट मांडतात. वाघ्याची दिमडी आणि तुणतुणे, मुरळीची घाटी यांच्या साथीने देवाची कथा गात-सांगत पहाट होते. या कथेला आपण भक्ती म्हणतो, फार तर लोककला म्हणून तिचे कौतुक करतो. ती इतिहासाचे साधनही आहे, असे माझे म्हणणे आहे. दख्खनच्या पठारावर शेतकरी आणि मेंढपाळ एकमेकांशी कसे नांदले, याविषयी तर तिची साक्ष पोथीहून मोलाची आहे.

‘मल्हारी माहात्म्य’ ही संस्कृत पोथी मणी-मल्ल दैत्यांच्या वधाची कथा सांगते. देवाची पत्नी म्हणून तिथे म्हाळसा येते. त्याच्या दुसऱ्या बायकोची, बाणाईची कथा त्या पोथीत नाही. जागरणात मात्र बाणाईवाचून चालत नाही. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव बारा वर्षे घर सोडतो, मालेगावजवळच्या चंदनपुरीत धनगराच्या घरी चाकरीला राहतो, मेंढरे राखतो. एक दिवस तीच मेंढरे मारून टाकतो आणि मुलगी द्यायचे कबूल झाल्यावरच पुन्हा जिवंत करतो. मग सवतींची भांडणे रंगतात. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, ती धनगरी राहणीवरून टोमणे मारते; बाणाई तोडीस तोड उत्तर देते. जेजुरीत हे नाते डोंगरावरच मांडलेले दिसते. म्हाळसा वर गडावर देवाशेजारी, आणि बाणाईचे देऊळ अर्ध्या चढावर. धनगराची मुलगी देवाची बायको झाली खरी, पण तिची जागा वेगळीच राहिली.

ही मांडणी समजायला पावसाकडे पाहावे लागते. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होतो. ओल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात, म्हणून पावसाळ्यात कळप कोरड्या माळावर आणि पुढे सुगीनंतर मोकळ्या झालेल्या शिवारांत. शेतकरी रात्री रानात मेंढरे बसवून घेतो, खताच्या बदल्यात धान्य देतो. दोघांना एकमेकांची गरज, तरी सोयरीक नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त पुण्याच्या परिसरातली देवस्थाने आणि मेंढपाळांच्या जुन्या वाटा यांचा संबंध दाखवला. पुढे गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून त्यांतून याच वाटांचा माग काढला. वीर गावचा देव म्हस्कोबा सोनारीहून भक्तामागे आला, असे ओवी सांगते. देव वाट चालतो ती मेंढपाळाच्या पायांनी.

यावर पहिली हरकत अशी की गाणे गायकागणिक बदलते, त्यात सन नाही, मग त्याला पुरावा कसे म्हणावे? लढाईची तारीख त्यात शोधू नये, हे मान्य. पण तपशील बदलले तरी चंदनपुरी, चाकरी, मेंढरे आणि सवतींचा तंटा टिकून राहतात. ऐकणाऱ्यांना ज्याची ओळख पटते तेच टिकते, आणि देवळांच्या जागांशी, कळपांच्या वाटांशी ते ताडून पाहता येते. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. 18व्या शतकात होळकरांनी जेजुरीत मोठी बांधकामे केली आणि होळकर धनगर होते. मग बाणाईची थोरवी त्यांच्या वैभवातूनच वाढली नसेल का? त्यांच्या आश्रयाने कथेला बळ मिळाले असेल. पण सत्तेने आपला मान वाढवायला ही कथा घडवली असती, तर बाणाई अर्ध्या चढावर का राहिली असती? राज्यकर्त्यांची स्तुती असा कमीपणा राखून ठेवत नाही.

जागरणाच्या परंपरेतला अन्यायही विसरता येत नाही. मुली देवाला वाहून त्यांना मुरळी करणे क्रूर होते. शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि 1934मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, हे योग्यच झाले. पण ती प्रथा जावी म्हणून कथाही जावी, असे नाही. आज तासाभरात उरकलेल्या जागरणात सवतींचे भांडण विनोदापुरते उरते, चंदनपुरीची चाकरी गळून जाते, आणि नेमका इतिहास सांगणारा भाग आधी हरवतो. ज्यांच्या घरी जागरण ठरले असेल त्यांनी वाघ्याला रात्रभराचा वेळ द्यावा, कथा अखंड ध्वनिमुद्रित करावी आणि तिच्यासोबत गायकाचे गाव व त्याने कथा कुणाकडून घेतली, एवढे तरी लिहून ठेवावे.