चिपचा नियम आणि गटाराचा कायदा

कन्हानला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी इतिहास शिकवतो. मागे एका तासाला मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, दहा वर्षांत मशीन माणसापेक्षा हुशार होते म्हणतात. मंग आम्ही शिकून काय करावं?" वर्ग हसला. मला हसता आले नाही. पदवीपर्यंत पोचलेला तो त्याच्या घरातला पहिलाच; मीही माझ्या घरातला पहिलाच. आमच्या वस्त्यांत शिक्षण आता कुठे रुजू लागले, आणि नेमक्या याच वेळी शिक्षणाचे मोल संपणार अशी भाकिते कानावर येत आहेत. भाकीत खरे की खोटे, हे मी त्याला सांगू शकत नव्हतो. परंतु भाकितालाही इतिहास असतो. तो तपासणे माझ्या हातात होते.

हा इतिहास १९६५ सालापासून पाहता येतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये गॉर्डन मूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'इलेक्ट्रॉनिक्स' या नियतकालिकात लिहिले की, सिलिकॉनच्या एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे व १९७५ पर्यंत ती पासष्ट हजारांवर जाईल. त्याच वर्षी हर्बर्ट सायमन यांनी सांगितले की, माणूस करतो ते कोणतेही काम यंत्र वीस वर्षांत करू लागेल. इंग्लंडमधील गणिती आय. जे. गुड त्याच्याही पुढे गेले. स्वतःहून श्रेष्ठ यंत्र घडवणारे यंत्र त्यांनी कल्पिले. ते एकदा झाले की माणसाला दुसरा शोध लावण्याची गरजच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

यांतले बुद्धीविषयीचे भाकीत फसले. सायमन यांची वीस वर्षे १९८५ साली संपली आणि माणसाची बहुतेक कामे माणसाकडेच राहिली. बुद्धिबळात दहा वर्षांत यंत्र जगज्जेते होईल, असे ते १९५७ सालीच म्हणाले होते. त्याला चाळीस वर्षे लागली. १९९७ साली कास्पारोव्ह हरला. मूर यांचे भाकीत मात्र टिकले. १९७५ मध्ये त्यांनी मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली, एवढेच. १९७१ च्या इंटेलच्या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२२ साली एनव्हिडियाच्या चिपवर ते आठ हजार कोटी झाले. आज लिहिणारी, बोलणारी, चित्रे काढणारी यंत्रे निघाली आहेत ती याच चिपांच्या जोरावर.

एक भाकीत फसले आणि दुसरे टिकले, याचे कारण काय? मूर यांच्या निरीक्षणाला 'नियम' म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण पाऊस पडावा किंवा दगड खाली यावा तसा हा निसर्गनियम नव्हे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी तो आपला संकल्प मानला. १९९० नंतर त्यांनी एकत्र बसून आराखडे आखले: कोणत्या वर्षी रेषा किती बारीक झाली पाहिजे, त्यासाठी कोणती यंत्रे लागतील, अडचण कुठे येईल. त्यामागे अफाट पैसा ओतला. २००५ च्या सुमारास उष्णतेमुळे चिपचा वेग वाढेनासा झाला, तेव्हा एकाच चिपवर अनेक गाभे बसवून दुसरी वाट काढली. ज्या गोष्टीत नफा दिसला तिला मुदत मिळाली, माणसे मिळाली, पैसा मिळाला.

आता आपल्या भागाचा इतिहास पाहू. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कताईचे नवे रिंग यंत्र या गिरणीने १८८३ मध्येच करून पाहिले. तेव्हा खुद्द लँकेशायरचे गिरणीवाले त्याबाबत कचरत होते. म्हणजे नवे यंत्र मागास समजल्या जाणाऱ्या मुलखात येतच नाही, हे खरे नाही. नफा असेल तिथे ते धावत येते.

पण मुंबईच्या गिरण्यांचे विणकाम खाते पाहा. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचे ते खाते आपल्या लोकांना बंद होते. तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे जगात तयार झाले होते. तरी खात्याचे दार उघडले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न वेगळा मांडावा लागला.

तिसरे उदाहरण माझ्या घरातले. माझी आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेला पत्ता, हातात कात्री. हजार बिड्या पुऱ्या झाल्या तरी छाट काढून पैसे कापले जात. "हात चालला त चूल पेटते," असे ती म्हणे. बिडीचे यंत्र निघालेच नाही असे नाही. पण आईचा हात यंत्रापेक्षा स्वस्त होता. कामठीच्या याच बिडी कामगारांना बाबू हरदास एल. एन. यांनी संघटित केले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे हरदास १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात गेले आणि १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने वारले. त्यांची समाधी आमच्या कन्हान नदीच्या काठी आहे.

तिन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. यंत्राला काय जमते, एवढ्यावर यंत्राचा वेग ठरत नाही. काम करणारा हात कोणाचा आणि त्याची किंमत किती, यावरही तो ठरतो.

याचा सर्वांत कठोर पुरावा गटारात आहे. सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध संसदेने १९९३ मध्ये कायदा केला. २०१३ मध्ये दुसरा केला आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली तीस लाख केले. भरपाईची रक्कम तिप्पट झाली, मरणे थांबले नाही. गाळ ओढणारी यंत्रे कित्येक दशकांपासून आहेत. मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव २०१८ साली केरळात कामाला लागला. तरीही दोर बांधून खाली सोडला जातो तो माणूसच, आणि त्याची जात कोणती हे विचारावे लागत नाही.

मूरचा नियम कोणत्याही संसदेने मंजूर केला नव्हता. तो पन्नास वर्षे पाळला गेला. गटाराचा कायदा संसदेने दोनदा केला; तो पाळला गेला नाही. चिपसाठी जसा वर्षावर्षाचा आराखडा झाला, तसा गटारासाठी कोणी केला?

१९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कार्यालयात संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. पुढे सरकारने प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. त्या कारकुनांची भीती खोटी नव्हती. संघटना होती म्हणून यंत्राच्या वेगाविषयी त्यांना बोलता आले. पण त्यांचा प्रश्न होता, यंत्र का येते? गटारात उतरणाऱ्याचा प्रश्न आहे, यंत्र का येत नाही? या देशात यंत्राविषयीची चर्चा बहुधा पहिल्याच प्रश्नावर झाली. आज 'हुशार यंत्र नोकऱ्या खाईल' ही चर्चाही तशीच चालली आहे.

बाबासाहेब यंत्राचे शत्रू नव्हते. १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी बजावले की, पशूसारखे राबणे संपवून माणसाला फुरसत आणि संस्कृती द्यायची तर यंत्र हवेच. यंत्राचे लाभ मूठभरांच्या हाती राहतात हा दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. आपल्याला दुसरी भूमिका घेण्याचे कारण नाही.

त्या मुलाला मी पुढच्या तासाला एवढेच सांगितले: यंत्र माणसाहून हुशार कधी होईल, हे सायमनलाही कळले नाही, मलाही कळत नाही. पण वेग ठरवला जातो आणि ठरवणारे लोक असतात, एवढे इतिहासावरून दिसते. तू शीक, कारण तो आराखडा वाचायला आणि मागायला शिकलेला माणूस लागतो. हुशार यंत्राच्या गोष्टी सांगायला कोणी आला, तर आपल्या नगरपालिकेत शेवटचा माणूस गटारातून कोणत्या तारखेला वर येणार, हे त्याला पहिल्यांदा विचार.

तो हसला नाही. त्याने वहीत लिहून घेतले. त्याचे काका कुठे काम करतात, हे मला नंतर कळले.