पोलिसांचा खर्च कोणी भरायचा? टिपरेरी ते चिमूर, व्हाया नागपूर

गणपती आणि ईद जवळजवळ आले की आपल्या जिल्ह्यात काही शब्द ठरलेले असतात. शांतता समितीची बैठक. रूट मार्च. संवेदनशील मार्ग. १०७ च्या नोटिसा (नव्या कायद्यात त्याचं कलम १२६ झालं, पण ठाण्यात अजून सगळे १०७ च म्हणतात). पुसद-उमरखेड-दिग्रसकडच्या मित्रांना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

पण मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाईल, वाजंत्री कुठं थांबेल, हे ठरवायचा अधिकार पोलिसांकडे आला कुठून? आणि गावात गडबड झाली तर बंदोबस्ताचा खर्च गावावरच टाकायची कल्पना कोणाची? कारण ती कल्पनाही कायद्यात आहे, राजेहो. या दोन्ही गोष्टींचं बियाणं बाहेरचं आहे, आणि ते दुकान लंडनमध्ये नाही, आयर्लंडमध्ये आहे.

थोडं मागं जाऊ. १८०० च्या सुमारास आयर्लंडमध्ये दर दहा माणसांमागं आठ कॅथलिक होते. पण जमीन, न्याय आणि बंदूक या तिन्ही गोष्टी प्रोटेस्टंटांच्या हातात. गावचा मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुतेक वेळा तिथलाच प्रोटेस्टंट जमीनदार. कॅथलिक शेतकऱ्याला आपल्या पिकातला धर्मकर, म्हणजे टाइद, स्वतःच्या नव्हे तर प्रोटेस्टंट चर्चला द्यावा लागे. १७९३ पासून जमीन धारण करणाऱ्या कॅथलिकाला मत देता येत होतं, पण संसदेत बसता येत नव्हतं. बसायचं तर आपल्याच धर्माच्या विरोधातली शपथ घ्यावी लागे.

खेड्यात यातून काय होणार ते तुम्हीच ओळखा. १७९५ साली अर्मा परगण्यात दोन्हीकडच्या टोळ्यांची मारामारी झाली आणि त्यातून प्रोटेस्टंटांची ऑरेंज ऑर्डर उभी राहिली. दरवर्षी १२ जुलैला त्यांची मिरवणूक निघे. ढोल, बासऱ्या, निशाणं. आणि ती कॅथलिक वस्तीतून जाते की नाही यावर भांडण. तिकडं कॅथलिकांच्याही गुप्त टोळ्या होत्या. दक्षिणेत तर १८२१ ते २४ या काळात ‘कॅप्टन रॉक’ या काल्पनिक नावानं धमकीची पत्रं येत. गंजी जळत, टाइद गोळा करणाऱ्यांवर हल्ले होत. भांडण मुळात खंडाचं आणि टाइदचं, पण त्याला रंग धर्माचा चढत गेला. १८२५ साली प्रोटेस्टंटांचा नाश होणार अशी एक भविष्यवाणी तेव्हा खेडोपाडी फिरत होती. व्हॉट्सॲप नव्हतं, तरी फिरत होती.

आणि हे आवरायला कोण? योमनरी नावाचं स्थानिक सशस्त्र दल होतं. त्यातले बरेच जण स्वतःच ऑरेंजवाले. म्हणजे दुपारी मिरवणुकीत ढोल वाजवणारा संध्याकाळी बंदूक घेऊन बंदोबस्ताला. कॅथलिक माणसाच्या नजरेत पोलीस आणि विरोधी पार्टी यात फरक राहिला नव्हता.

१८१२ साली रॉबर्ट पील नावाचा अवघ्या २४ वर्षांचा माणूस आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी होऊन आला. कॅथलिकांना हक्क द्यायला त्याचा कट्टर विरोध होता. डॅनिअल ओकॉनेल हा कॅथलिकांचा पुढारी त्याला ‘ऑरेंज पील’ म्हणून चिडवायचा. पण एक गोष्ट पीलच्या लक्षात आली होती. स्थानिक जमीनदार आणि त्यांची योमनरी यांच्या भरवशावर शांतता राहणार नाही. म्हणून १८१४ साली त्यानं नवं दल काढलं, पीस प्रिझर्वेशन फोर्स. एखादा तालुका अशांत म्हणून जाहीर करायचा, तिथं पगारी मॅजिस्ट्रेट आणि त्याच्या हाताखाली हे शिपाई पाठवायचे. सुरुवात टिपरेरी परगण्यात झाली.

आणि खर्च? सुरुवातीला सगळा त्या तालुक्यातल्या लोकांवर. हिशेब सरळ होता. खिशाला चाट बसली की लोक गुन्हेगाराचं नाव सांगतील. प्रत्यक्षात नाव सांगणाऱ्याचं घर रात्री जळण्याची भीती होती आणि पट्टी तर सांगा, न सांगा, भरायचीच होती. ज्यानं काही केलं नाही त्यालाही वाटलं, आपल्याला शिक्षा झाली. मग तोही गप्प बसणाऱ्यांत सामील. या एका गोष्टीकडं लक्ष ठेवा, पुढं ती आपल्याकडं पुन्हा पुन्हा येते.

१८२२ मध्ये परगणावार कायमचं पोलीस दल आलं. १८२३ मध्ये ओकॉनेलनं कॅथलिक असोसिएशन काढली. वर्गणी महिन्याला एक पेनी, म्हणजे मजुरालाही झेपेल एवढी. १८२८ साली क्लेअरची पोटनिवडणूक त्यानं लढवली आणि जिंकली, संसदेत बसता येत नाही हे माहीत असून. आता दंगा झाला तर आवरायचा कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न लंडनला पडला. आणि एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना हक्क देणारा कायदा झाला. तो कॉमन्समध्ये मांडला कोणी, तर याच पीलनं! त्याच वर्षी त्यानं लंडनचे पोलीसही उभे केले. एका हातानं हक्क दिला, दुसऱ्या हातानं काढूनही घेतला. चाळीस शिलिंगांच्या जमिनीवर मत मिळत होतं ती अट दहा पौंडांवर नेली आणि ओकॉनेलला निवडून देणारे छोटे शेतकरीच मतदार यादीतून उडाले.

पोलिसांची खरी दुरुस्ती नंतर झाली. १८३२ मध्ये पक्षीय मिरवणुकांवर बंदी आली. १८३६ मध्ये सगळं दल एका हाताखाली आणलं, कॅथलिकांची भरती वाढवली आणि पोलिसानं ऑरेंज ऑर्डरसारख्या संघटनेत राहायचं नाही असा नियम केला. थॉमस ड्रमंड नावाच्या अधिकाऱ्याला याचं श्रेय देतात. माझ्या मते १८१४ च्या दलापेक्षा हा एक नियम मोठा. आपल्या ठाण्याच्या हजेरीपटावरची आडनावं एकदा मनातल्या मनात वाचून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता हे आपल्याकडं कसं आलं? चार्ल्स नेपियरनं १८४३ मध्ये सिंध जिंकला. त्याचं बालपण आयर्लंडात गेलं होतं. सिंधमध्ये त्यानं पोलीस उभे केले ते आयरिश नमुन्यावर. १८५३ मध्ये मुंबई इलाख्यानं तोच कित्ता गिरवला. १८५७ झाल्यावर इंग्रजांना असंच दल हवं होतं, लष्करासारखं शिस्तीचं पण मुलकी अधिकाऱ्याच्या हाताखालचं. त्यातून १८६१ चा पोलीस कायदा आला. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांकडं सोपवलेला मुलूख, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडं.

या कायद्याची दोन कलमं बघा. कलम ३०, मिरवणुकांना परवाना आणि सणासुदीला रस्त्यावर वाद्यं किती वाजवायची याचं नियमन. आणि कलम १५, अशांत भागात जादा पोलीस ठेवायचे, खर्च तिथल्या रहिवाशांनी द्यायचा. हे कलम वाचताना पीलचं टिपरेरीच समोर येतं. १८९५ साली त्यात दुरुस्ती होऊन आणखी एक सोय झाली. रहिवाशांपैकी एखाद्या वर्गाला या खर्चातून सूट देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. म्हणजे कोण दोषी आणि कोण सज्जन, हे कोर्टाऐवजी सरकारी हुकमानं ठरणार, तेही एकेका माणसाचं नव्हे, अख्ख्या जमातीचं.

ही दुरुस्ती १८९५ चीच का, हे त्या आधीची दोन वर्षं बघितली की कळतं. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, सुमारे ८० माणसं मेली. १८९४ मध्ये येवल्याला दंगल. त्याच वर्षी पुण्यात टिळकांनी गणपती रस्त्यावर आणला आणि सप्टेंबरमध्ये दारूवाला पुलाजवळ मशिदीपुढून मेळा नेताना मारामारी झाली. तेव्हापासून ‘मशिदीपुढं वाद्य’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत कायमचा मुक्कामाला आला. १८९७ मध्ये रँडचा खून झाल्यावर पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च शहराच्या बोकांडी. खून करणारे होते मोजके, पट्टी भरली सगळ्या शहरानं.

जाता जाता एक गंमत. १८९० च्या दशकात नागपूरला मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता अँटनी मॅकडॉनेल, आयरिश आणि कॅथलिक. १८२९ च्या आधी त्याला अशा खुर्चीची आशाही धरता आली नसती.

नागपूर आपल्याला जवळचं. १९२३ साली तिथं मशिदीपुढं वाद्य वाजवायला मनाईचा हुकूम निघाला. लोकांनी तो मोडून दिंड्या काढल्या. डॉ. मुंजे त्यात पुढं होते, डॉ. हेडगेवारही होते. हुकूम काढणाऱ्याचा हेतू शांततेचा असेलही. पण वाद दोन मोहल्ल्यांचा होता, हुकमानं तो शहराचा झाला. सप्टेंबर १९२७ मध्ये मोठी दंगल झाली.

याच काळात, १९२४ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला. सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क आहे, मात्र रहदारीला अडथळा न करता आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाच्या चौकटीत. आजही दोन्ही बाजूचे वकील हा निकाल फडकावतात. यातलं मूळ भांडण हिंदू-मुसलमानांचं नव्हतंच. उत्तरेतल्या औरंगाबाद नावाच्या गावातलं, शिया आणि सुन्नी यांचं. शियांची मोहरमची मिरवणूक सुन्नींच्या मशिदीजवळ थांबून मातम करायची, त्यावरून. बैठकीत छाती पुढं काढून निकालाचा दाखला देणाऱ्यांना हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

आता चिमूर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. मोर्चावर गोळीबार झाला, १६ वर्षांचा बालाजी रायपूरकर गेला. जमाव भडकला, काही अधिकारी मारले गेले. मग लष्कर आणि पोलीस गावात शिरले. स्त्रियांवर जे अत्याचार झाले ते इथं लिहीत नाही. वर गावावर एक लाख रुपयांचा सामूहिक दंड. लाखाची १९४२ मधली किंमत आपल्या आजोबांना विचारा. त्या वर्षी अशा सामूहिक दंडासाठी खास वटहुकूम निघाला होता आणि देशात बऱ्याच ठिकाणी त्यातून मुसलमानांना वगळलं गेलं. आंदोलन इंग्रजांविरुद्धचं, त्यात धर्म नव्हताच. पण शेजाऱ्याला पट्टी नाही आणि मला आहे, हे ज्याला दारात ऐकावं लागलं, त्याच्या मनात काय पेरलं गेलं असेल? दंड वसूल होऊन संपतो, हे संपत नाही.

इथं आपल्या जिल्ह्याचा माणूस येतो. बापूजी अणे, जन्म वणीचा, वकिली यवतमाळला, १९३० च्या पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे पुढारी. १९४२ मध्ये ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. सेवाग्रामचे प्रा. भन्साळी थेट त्यांच्या दिल्लीच्या घरी गेले, म्हणाले चिमूरची चौकशी करा. अणे ते करवू शकले नाहीत. भन्साळींनी त्यांच्याच घरी उपोषण सुरू केलं, तिथून पोलिसांनी त्यांना उचललं. पुढं त्यांचं उपोषण ६३ दिवस चाललं, जानेवारी १९४३ मध्ये सुटलं. त्याच्या बातम्या छापायला मध्य प्रांत सरकारनं बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. आमच्या धंद्याला आज हे आठवत नाही. फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर अण्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावर टीका करणं सोपं आहे. खुर्चीत बसून एका गावाची साधी चौकशी लावता येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं असेल, असं मला वाटतं.

स्वातंत्र्य आलं, कलम १५ राहिलं. राजस्थान सरकारनं झुंझुनू भागातल्या २४ गावांवर जादा पोलीस बसवले आणि खर्चातून हरिजन व मुसलमानांना सूट दिली. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सूट रद्द केली. त्या गावांतल्या इतर जातीधर्मांतही कायदा पाळणारी माणसं होती, मग धर्म आणि जात बघून फरक कसा करता, असं विचारलं. म्हणजे सूट गेली, कलम टिकलं. आपल्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, १९५१ च्या, कलम ५० आणि ५१ उघडून बघा. जादा पोलिसांचा खर्च आणि दंग्याची भरपाई रहिवाशांवर टाकायची सोय आजही तिथं आहे, ‘विशिष्ट वर्ग’ हे शब्दसुद्धा.

मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात जे झालं ते ताजं आहे. नुकसान दंगेखोरांकडून वसूल करू, अशी घोषणा झाली. ज्यानं जाळलं त्याच्याकडून, कोर्टात सिद्ध झाल्यावर, जरूर करा. पण खटला उभा राहण्याआधीच आरोपीच्या घरावर जेसीबी गेला आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला पुढच्या पाडकामाला स्थगिती द्यावी लागली. आरोपी म्हणून घर पाडता येत नाही, कुटुंबाला शिक्षा करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं चारच महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगून झालं होतं.

एक विनंती. आपल्या जिल्ह्यात किंवा चंद्रपूर-वर्ध्याकडं कोणाच्या घरच्या जुन्या पेटीत जादा पोलिसांच्या पट्टीची किंवा ४२ च्या सामूहिक दंडाची पावती असेल, तर फोटो कमेंटमध्ये टाका किंवा इनबॉक्स करा. रक्कम आणि वर्ष दिसेल असा. नाव झाकलं तरी चालेल.