विनोदाची दूरदृष्टी

विज्ञानकथा म्हटली की आपल्याला गंभीर चेहऱ्याचा शास्त्रज्ञ आठवतो आणि विनोद म्हटला की चिमणराव. या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, असा आपला समज असतो. आज मला त्याच्या उलट सांगायचे आहे. गेल्या दीडशे वर्षांत यंत्र कसे असेल हे सांगताना भविष्य वर्तवणारे पुष्कळदा चुकले. पण यंत्र घरात आल्यावर माणसे कशी वागतील, हे विनोदी लेखकांनी अनेकदा अचूक हेरले.

पहिला दाखला लंडनचा. बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या १८७९ सालच्या वार्षिकात जॉर्ज द्यू मोरिए यांचे एक व्यंगचित्र छापून आले. त्यात एडिसनच्या नावावर खपवलेले एक काल्पनिक यंत्र आहे. शेकोटीच्या वर भिंतभर पडदा, आणि लंडनमध्ये बसलेले आईवडील सिलोनमधल्या मुलीशी समोरासमोर बोलत आहेत. वडिलांची चौकशी कसली? तर तिकडची ती सुरेख तरुणी कोण! व्यंगचित्रकाराला विजेचे शास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती, त्याला आईवडील ठाऊक होते. आज सुभानपुऱ्यातल्या दिवाणखान्यात न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा ‘आत्ता मागून कोण गेलं गं?’ हा प्रश्न आपणही विचारतोच.

दुसरा दाखला मराठी वाचकांच्या जुन्या ओळखीचा. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ मध्ये कोचीन येथे ‘केरळकोकिळ’ मासिक सुरू केले. त्यातून १९०० च्या सुमारास ‘चंद्रलोकची सफर’ मराठीत आली. मूळ कादंबरी ज्यूल व्हर्नची, १८६५ सालची. पुढे ती साहसकथा म्हणून वाचली गेली. मुळात मात्र ती बरीचशी थट्टाच आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आहे आणि बाल्टिमोरच्या ‘गन क्लब’चे तोफा बनवणारे सभासद बेकार झाले आहेत. कुणाचा हात गेला आहे, कुणाचा पाय. तरी शांततेमुळे सगळे कंटाळले आहेत. मग त्यांचा अध्यक्ष थेट चंद्रावर गोळा डागण्याची टूम काढतो. तोफेची कल्पना शास्त्राला धरून नव्हती. इतक्या हिसक्याने आतले प्रवासी जागीच मेले असते. पण त्या थट्टेतले मर्म पुढे खरे ठरले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी व्ही-२ हे क्षेपणास्त्र घडवणारे फॉन ब्राउन यांच्याच नेतृत्वाखाली सॅटर्न-५ अग्निबाण तयार झाला आणि जुलै १९६९ मध्ये फ्लॉरिडातून तीन माणसे चंद्राकडे निघाली. चंद्राची वाट युद्धाच्या कारखान्यातून जाईल, हे व्हर्नने हसत हसत सांगून ठेवले होते.

तिसरा दाखला १९४६ चा. त्या फेब्रुवारीत अमेरिकेत ‘एनिॲक’ हा खोलीभर पसरलेला, सुमारे ३० टन वजनाचा संगणक लोकांसमोर आला. पुढच्याच महिन्यात मरे लीन्स्टर यांची ‘अ लॉजिक नेम्ड जो’ ही विनोदी कथा प्रसिद्ध झाली. तिच्यात घरोघरी पडदा आणि कळफलक असलेले यंत्र आहे आणि ती सगळी यंत्रे एका प्रचंड माहितीसाठ्याला जोडलेली आहेत. त्यातले एक यंत्र अतिउत्साही निघते आणि विचाराल त्याचे उत्तर देऊ लागते. बायकोपासून सुटका कशी करावी, झटपट पैसा कसा करावा, सगळ्याची कृती हजर! शेवटी कथा सांगणारा दुरुस्ती कामगार ते यंत्र बंद करून तळघरात ठेवून देतो. आज बोलक्या यंत्रांनी काय सांगावे आणि काय सांगू नये, यावर सरकारे खल करीत आहेत. तो पेच या हसऱ्या कथेत आधीच होता.

आता आपल्या घरचे उदाहरण. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर सापडतात. त्यांचा विनोद खो खो हसवणारा नाही. तो गालातल्या गालात असतो. ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला वैज्ञानिक अवकाशयान पाठवून वाटेतून ढकलतात. घरी मात्र शांतियज्ञ झालेला असतो आणि संकट टळल्याचे श्रेय त्यालाच मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस या लघुग्रहाला धडक दिली आणि त्याची कक्षा खरोखर बदलली. कथेतले तंत्र खरे होण्याच्या वाटेवर आहे. श्रेयाचे काय होईल, हे आपण जाणतोच.

‘पुत्रवती भव’ या कथेशी येताना मात्र हसू ओठांवरच थांबते. शीर्षकात आपलाच आशीर्वाद आहे आणि कथेत हमखास मुलगा देणारे औषध. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ चा. प्रत्यक्षात औषध आले नाही. गर्भाचे लिंग सांगू शकणारे सोनोग्राफी यंत्र आले, आणि आपण तसेच वागलो. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. तरीही गुजरातेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९२८ वरून २००१ मध्ये ८८३ वर घसरली. कथा हातात होती; आपण ती करमणूक म्हणून वाचली.

बडोद्यातल्या मराठी माणसांनी हे मनावर घ्यावे, याला आणखी एक कारण आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन उघडून यंत्रविद्या या शहरात आणली, आणि श्रीसयाजी साहित्यमालेतून मराठी व गुजराती ग्रंथ काढून ज्ञान लोकभाषेत आणले. याच शहरात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी आधुनिक होऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गाची त्रेधा चिमणरावाच्या तोंडून सांगितली. एखाद्या यंत्राचे नाव भाषेत आले म्हणजे ते यंत्र आपले झाले, असे नव्हे. त्याची थट्टा आपल्या भाषेत करता आली, म्हणजे आपण त्याला खरे ओळखले. आपल्या नातवंडांच्या हातातली यंत्रे आज त्यांच्याशी बहुधा इंग्रजीत आणि हिंदीत बोलतात. त्या यंत्रांवर हसणारा, आणि हसता हसता सावध करणारा मराठी लेखक या शहरातून पुन्हा निघायला हवा. आणि तो निघाला, तर त्याचे लिखाण नुसते हसून बाजूला ठेवू नये, एवढीच आपणा सर्वांना विनंती.