आलेला मेल कोणी निवडायचा?

ईमेलच्या फिल्टरची गोष्ट बहुतेक वेळा स्पॅमविरुद्धच्या लढाईची गोष्ट म्हणून सांगितली जाते: आधी कचरा आला, मग कचरा अडवणारे हुशार लोक आले आणि अखेर संख्याशास्त्राने बाजी मारली. ही मांडणी सोयीची असली तरी कालक्रमाशी तिचा मेळ बसत नाही. सर्व्हरवर येणाऱ्या मेलची वर्गवारी करणारी पहिली चांगली साधने घडली तेव्हा डोकेदुखी नकोशा मेलची नव्हती, हव्या असलेल्या मेलची होती. तो इतका येत होता की वाचून संपत नव्हता. आणि निवड कोणी करायची याबद्दल तेव्हा कुणाला शंका नव्हती: ज्याच्या नावे मेल आला त्याने. पुढे हे काम त्याच्या हातून निसटले आणि सर्व्हरच्या दारावर गेले. तो बराचसा नाइलाज होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नाइलाजाने जेवढे सोडावे लागले असते त्याहून पुष्कळ जास्त आपण सोडून दिले, असे मला या इतिहासावरून दिसते.

सुरुवात १९७५ पासून करावी लागते. त्या वर्षी नोव्हेंबरात अर्पानेट या संगणक-नेटवर्कच्या कामाशी निगडित असलेले जॉन पोस्टेल यांनी नकोशा टपालाच्या प्रश्नावर जेमतेम एक पानी टिपण लिहिले. नेटवर्कच्या तेव्हाच्या नियमांत एखाद्या यंत्राला ठरावीक संदेश नाकारण्याची सोयच नाही, आलेले सगळे वाचावेच लागते, ही त्यांची तक्रार. त्यांच्या नजरेसमोर जाहिरातदार नव्हता. बिघडल्यामुळे संदेशांचा मारा करणारे दुसरे यंत्र होते. यावर कुणी म्हणेल की जाहिरातदारही लांब नव्हता. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे चारशे पत्त्यांवर धाडलेच होते. खरे आहे. पण त्यावर उपाय काय झाला ते पाहण्यासारखे आहे. नेटवर्क चालवणाऱ्या लष्करी खात्याने कंपनीला समज दिली आणि विषय मिटला. फिल्टर लिहायची गरज कुणाला वाटली नाही, कारण पाठवणारा कोण हे सर्वांना ठाऊक होते आणि त्याला दटावणारा अधिकारी अस्तित्वात होता.

म्हणूनच १९८२ मध्ये पीटर डेनिंग यांनी संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संस्थेचे अध्यक्ष या नात्याने ‘इलेक्ट्रॉनिक कचऱ्या’वर लेख लिहिला, तेव्हा त्यांचा रोख बदमाशांवर नव्हता. मजकूर तयार करण्याची आणि पाठवण्याची साधने भराभर वाढताहेत, पण घेणाऱ्याचा विचार कोणी करत नाही, हे त्यांचे म्हणणे. वेगवेगळ्या पेट्या, मजकूर पाहून निवड, महत्त्व दर्शवणारा आकडा ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच स्वीकार, असे उपाय त्यांनी सुचवले. एमआयटीत टॉमस मलोन आणि सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास ‘इन्फर्मेशन लेन्स’ नावाची प्रणाली केली, तिची कल्पना तर आज वाचताना चकित करते. तिथे ‘कोणालाही’ अशा पत्त्यावर संदेश टाकता येई, आणि ज्याच्या नियमांत तो बसेल त्याच्याकडे तो जाई. म्हणजे फिल्टर हे तेव्हा मेल टाळण्याइतकेच मेल मिळवण्याचेही साधन होते.

ही कल्पना सामान्य वापरात आणली ती युनिक्सने. बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेला सेंडमेल हा प्रोग्राम मेल पोचवताना वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत डोकावून ‘.फॉरवर्ड’ नावाची फाइल आहे का ते बघत असे. त्या फाइलमध्ये दुसरा पत्ता लिहिता येई, किंवा एखाद्या प्रोग्रामचे नाव. ही दुसरी सवलत छोटी वाटते, पण सगळी किमया तिचीच. १९९० च्या सुमारास जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात स्टीफन व्हान डेन बर्ग यांनी प्रॉकमेल लिहिला तो याच जागी बसवण्यासाठी. त्याचा नियम तीन ओळींचा. पहिल्या ओळीत कोलन, शून्य, कोलन. दुसरीत तारांकन आणि मेलच्या शीर्षभागात शोधायचा नमुना. तिसरीत फोल्डरचे नाव. नियम वरून खाली तपासायचे, एक जुळला की मेल त्या फोल्डरात आणि काम संपले. काहीच न जुळल्यास मेल नेहमीच्या पेटीत. पहिल्या ओळीतला तो शेवटचा कोलन नवख्याला निरर्थक वाटे. सगळे मेल एकाच लांबलचक फाइलला शेपटासारखे जोडले जात असल्याने दोन मेल एकाच क्षणी आले तर एकमेकांत मिसळून जाण्याची भीती असे, आणि तो कोलन म्हणजे फाइलला तेवढ्यापुरते कुलूप लावण्याची आज्ञा. तो विसरणाऱ्याला काही दिवसांनी अर्धा एकाचा, अर्धा दुसऱ्याचा असा मेल वाचायला मिळण्याची शक्यता होती. अशा नियमांचा मोठा भाग खर्ची पडे तो मेलिंग लिस्टवर: या लिस्टचा मेल या फोल्डरात, त्या लिस्टचा त्या. लिपी क्लिष्ट होती, छोटी चूकही महागात पडत होती. तरी नियम उघडा होता. मेल कुठे गेला आणि का गेला हे फाइल वाचून कळत असे.

या व्यवस्थेचा पाया होता वापरकर्त्याची सर्व्हरवरची स्वतःची जागा. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने मुंबईसह काही शहरांत इंटरनेट सामान्यांना खुले केले, तेव्हा स्वस्तातले ‘शेल अकाउंट’ घेणारे विद्यार्थीही निगमाच्या युनिक्स यंत्रावर जाऊन पाइन नावाच्या प्रोग्रामात मेल वाचत. पुढच्याच वर्षी ४ जुलैला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचे हॉटमेल सुरू झाले. मेल ब्राउझरमध्ये आला, फुकट आला, कुठल्याही सायबर कॅफेत उघडू लागला आणि होम डिरेक्टरी गेली. नियमाची फाइल ठेवायला जागाच राहिली नाही. या बदलाकडे फिल्टरच्या इतिहासात फारसे लक्ष दिले जात नाही, पण मला तो स्पॅमइतकाच निर्णायक वाटतो.

ही अडचण काहींनी वेळेत ओळखली होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सायरस या मेल सर्व्हरच्या निमित्ताने ‘सीव्ह’ नावाची नियमांची भाषा घडली आणि जानेवारी २००१ मध्ये टिम शोवॉल्टर यांच्या नावे ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली. ती मुद्दाम दुबळी ठेवली होती. तिच्यात लूप नाही, बाहेरचा प्रोग्राम चालवता येत नाही, म्हणून अनोळखी माणसांचे हजारो नियम सर्व्हरवर बिनधास्त चालवता येतात. तिच्यातली मला सर्वांत आवडणारी तरतूद न लिहिलेल्या आज्ञेची आहे. नियमाने मेलचे काहीच केले नाही तर मेल ठेवायचा. नियम चालता चालता चुकला, तरी मेल ठेवायचा. २००८ साली या मानकाची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्या संपादकांत फिलिप गेन्थर होते, ज्यांनी अनेक वर्षे प्रॉकमेलची देखभाल केली होती. परंपरा अखंड होती असे म्हणता येईल. पण हॉटमेल, याहू किंवा जीमेल यांनी सीव्ह वापरकर्त्याच्या हाती कधी दिले नाही. त्यांनी आपापले साधे नियम दिले आणि खरी निवड स्वतःकडे ठेवली.

खरी निवड म्हणजे दारावरची. नव्वदीच्या दशकात सेंडमेल कोणाचाही मेल कोणालाही पुढे पाठवून देत असे. शेजारधर्माच्या त्या काळात हे सौजन्य होते. स्पॅमवाल्यांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला आणि १९९८ च्या आवृत्तीत सेंडमेलला ही सवय मुळातच बंद करावी लागली. त्याच सुमारास पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या साथीदारांनी कॅलिफोर्नियात काळ्या यादीची पद्धत रूढ केली. युक्ती नामी होती. १९२.०.२.७ या पत्त्यावरून मेल येऊ लागला की सर्व्हर ते आकडे उलटे करून ७.२.०.१९२ असे यादीच्या नावापुढे जोडतो आणि वेबसाइटचा पत्ता शोधावा तसा डीएनएसमध्ये शोधतो. १२७.०.०.२ असे उत्तर आले तर पाठवणारा यादीत आहे. मजकुराचे एक अक्षर न वाचता, क्षणार्धात निकाल. पण निकाल कोणाचा? यादीवाले म्हणत, आम्ही फक्त मत छापतो, अडवतो तो सर्व्हरवाला. सर्व्हरवाला यादीकडे बोट दाखवी. अशी यादी चालवणाऱ्या ब्रिटनमधल्या स्पॅमहाउसवर एका अमेरिकी विपणन कंपनीने दावा लावला, तेव्हा २००६ मध्ये एकतर्फी निकालात सुमारे १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरली आणि अपिलांच्या फेऱ्यांनंतर २०११ मध्ये ती ३ डॉलरवर आली. माझी सहानुभूती स्पॅमहाउसकडे आहे. तरी जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर त्या ३ डॉलरांतून मिळत नाही.

मजकूर पाहून निवडणारे फिल्टर दुसऱ्या वाटेने आले. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह बेजच्या संभाव्यतेवर आधारलेली रीत मांडली होती. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने ती प्रोग्रामरांच्या घरोघरी नेली. ग्रॅहम यांचा फिल्टर प्रत्येकाच्या स्वतःच्या मेलवरून शिकणारा होता, म्हणजे वृत्तीने तो प्रॉकमेलच्याच घराण्यातला. सर्व्हरवर मात्र राज्य केले ते जस्टिन मेसन यांच्या २००१ च्या स्पॅमअसॅसिनने. शेकडो कसोट्या, प्रत्येकीचे गुण, बेरीज ५ झाली की स्पॅम. १ जानेवारी २०१० रोजी या पद्धतीची मर्यादा फार बोलक्या रीतीने उघडी पडली. तारखेत २०१० ते २०९९ मधले साल असलेला मेल ‘भविष्यातला’ म्हणून संशयित धरणारा एक नियम त्यात होता. लिहिताना तो रास्त होता. नवे वर्ष उजाडले आणि जगातल्या प्रत्येक मेलला मांडणीनुसार दोन ते साडेतीन गुण फुकट मिळू लागले. पण ही चूक काही तासांत सापडली, याचे कारण नियम उघडे होते. तीच चूक बंद कपाटातल्या फिल्टरमध्ये झाली असती तर मेल हरवले एवढेच लोकांना कळले असते.

दारावरच्या निर्णयाचे आणखी एक उदाहरण एप्रिल २०१४ चे. आमच्या नावाने आलेला मेल पडताळणीत उतरला नाही तर नाकारा, असे याहूने डीमार्क या व्यवस्थेद्वारे जगाला कळवले. फसवणूक रोखण्याचा हेतू चांगलाच होता. पण मेलिंग लिस्ट विषयाच्या आधी चौकटी कंसात आपले नाव टाकते, तळाला दोन ओळी जोडते आणि तेवढ्याने मूळ मेलची डिजिटल सही मोडते. याहूच्या सभासदांनी लिस्टवर लिहिलेले मेल इतर सेवांनी परत धाडले. लिस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामने मेल परत येतोय म्हणजे पत्ता बंद पडला असे समजून भलत्याच सभासदांची नावे कमी केली. ज्या लिस्टांचा पसारा आवरण्यासाठी फिल्टरचा एवढा खटाटोप झाला, त्यांनाच आता प्रेषकाच्या जागी स्वतःचा पत्ता लिहून दारातून आत शिरावे लागते.

यावर आक्षेप घेता येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला आवाक्याचा: स्पॅमचा लोंढा एवढा की वैयक्तिक नियमांनी तो थोपवणे अशक्य होते. मान्य. दारावर पहारा हवाच होता. प्रश्न पहारेकऱ्याने काय सांगावे आणि काय लपवावे याचा आहे. दुसरा आक्षेप सामान्य माणसाचा: प्रॉकमेलची लिपी लिहिणार कोण? तेही खरे. पण ज्याला लिहायचे नाही त्याच्यासाठी ज्याला लिहायचे आहे त्याचीही सोय काढून घ्यावी, असे त्यातून निघत नाही. ‘स्पॅम म्हणून कळवा’ या बटणातून वापरकर्ताच ठरवतो, हे उत्तर तर मला अर्धेच पटते. बटण दाबून आपण मत देतो, नियम करत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखण्याची अट घातली, म्हणजे शेजाऱ्याने कंटाळून दाबलेल्या बटणाचाही आपल्याला काय मिळेल यावर परिणाम होतो. काहीजण म्हणतात, हे काम कायद्याचे होते. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने घेणारा ‘नको’ म्हणेपर्यंत पाठवण्याची मुभाच दिली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात त्रासदायक आणि प्रेषकाबद्दल दिशाभूल करणाऱ्या मेलचे एक पोटकलम होते. पण ते कलम गाजले ते २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेल्या अटकेमुळे, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते सगळेच रद्द केले.

राहिला लपवण्याचा मुद्दा, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. मेल स्वीकारला असे सर्व्हरने २५० हा आकडा उच्चारून कळवले की तो पोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, हे ईमेलच्या मूळ करारात आहे. नको असेल तर तिथल्या तिथे, कारण सांगून, नाकारता येते. सीव्हमधली मेल घेऊन मग परत धाडण्याची आज्ञा बनावट पत्त्यांमुळे निरपराध लोकांना छळू लागली, तेव्हा २००९ च्या मानकाने दारातच नकार देण्याची वाट पुढे केली. म्हणजे मार्ग होता आणि आहे. मोठ्या सेवांनी संशयित मेलसाठी तिसरा रूढ केला: मेल घ्यायचा, पाठवणाऱ्याला २५० सांगायचे आणि मेल गुपचूप स्पॅमच्या फोल्डरात टाकायचा. सोसायटीच्या वॉचमनने पाहुण्याला ‘कळवतो’ म्हणून बाकावर बसवून ठेवावे आणि वर निरोपच देऊ नये, तसा हा प्रकार. जीमेलमध्ये तो मेल ३० दिवसांनी आपोआप पुसलाही जातो. कारण उघड केले तर स्पॅमवाले शहाणे होतील, असे याचे समर्थन केले जाते. पण घाऊक स्पॅमवाला त्याच सेवेवर दहा खाती उघडतो, वेगवेगळे मजकूर स्वतःलाच पाठवून कोणता कुठे पडतो ते बघतो आणि त्याप्रमाणे बदल करतो. नोकरीच्या अर्जाचा एकच मेल एकदाच पाठवणाऱ्याला ही चाचणी घेता येत नाही, म्हणून या गुप्ततेचा फटका मुख्यतः त्यालाच बसतो.