तीन मुलं, तीन कामं: स्वमग्न मुलांसाठी शाळेत चालणारा ठोकळ्यांचा खेळ

मधल्या सुट्टीत सगळी पोरं ग्राउंडवर, आणि एकच मूल भिंतीकडे तोंड करून बाटलीचं झाकण फिरवत बसलंय. ‘लाजाळू आहे’, ‘हट्टी आहे’, ‘घरच्यांनी लाडावून ठेवलंय’ असं म्हणून आपण विषय सोडून देतो. दर वेळी कारण एकच असतं असं नाही, पण यातली काही मुलं स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेली असतात. त्यांना मित्र नको असतात, हा गैरसमज आहे. चालू खेळात शिरायचं कसं, आपली पाळी कधी येते, समोरचा चिडलाय हे ओळखायचं कशावरून, या गोष्टी बाकीची मुलं न शिकवता उचलतात. या मुलांना तेच अवघड जातं.

इंग्लंडमधल्या बऱ्याच शाळांत यासाठी लेगोचे ठोकळे वापरतात. लेगो म्हणजे एकमेकांत खटकन बसणारे, वर टिकल्या असलेले प्लास्टिकचे ठोकळे. कंपनी डेन्मार्कची.

ही पद्धत सुचली ती अमेरिकेच्या हवाई बेटांवर. तिथले मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांच्याकडे येणारी दोन मुलं एरवी कुणाच्या अध्यात-मध्यात नसायची. एकदा दोघांनीही घरून लेगो आणले होते. वेटिंग रूममध्ये बघतात तर काय, दोघं एकमेकांना आपापलं खेळणं दाखवत होती! लेगॉफ यांनी त्यावरून गट तयार केले आणि 2004 मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. पुढे केंब्रिजच्या संशोधकांनीही ही पद्धत तपासली.

खेळाची खरी गंमत कामाच्या वाटणीत आहे. गटात साधारण तीन मुलं असतात. पहिला ‘इंजिनिअर’. चित्र त्याच्याच हातात असतं, पण ठोकळ्याला हात लावायचा नाही. दुसरा ‘पुरवठादार’. सांगितलेला ठोकळा ढिगातून शोधून द्यायचा, एवढंच त्याचं काम. तिसरा ‘बांधणारा’. तो ठोकळे बसवतो, पण चित्र बघू शकत नाही. मग इंजिनिअरला सांगावंच लागतं, ‘लाल, चार टिकल्यांचा, एक दे.’ पुरवठादाराला कळलं नाही तर विचारावं लागतं, ‘लांब का चौकोनी?’ बांधणाऱ्यानं उलटं बसवलं तर ते नीट शब्दांत सांगावं लागतं. कुणी बोललंच नाही तर गाडी तिथंच थांबते. थोड्या वेळानं कामं बदलतात. म्हणजे मघाशी हुकूम सोडणारा आता दुसऱ्याचं ऐकतो. चित्रावरून बांधून झालं की मुलं मनानं काहीतरी रचतात. तिथं काय बनवायचं हे आपसांत ठरवावं लागतं, आणि हा भाग जास्त अवघड.

नियम साधे आणि लिहून लावलेले असतात: मोडलं तर जोडायचं, जमलं नाही तर मदत मागायची, दुसऱ्याच्या हातातलं हिसकायचं नाही, ओरडायचं नाही.

सोबत एक मोठं माणूस असतं, पण त्यानं भांडण मिटवायचं नसतं. ‘इथं काहीतरी अडलंय, काय करता येईल?’ एवढं विचारून मागं सरायचं. आपल्याकडच्या गुरुजी-बाईंना हेच सगळ्यात कठीण जाईल. आपण लगेच उत्तर सांगून मोकळे होतो.

खेळ ठोकळ्यांचाच का? त्यात क्रम असतो, ठरलेली जागा असते, आणि अनेक स्वमग्न मुलांना तेच आवडतं. सगळ्यांची नजर ठोकळ्यावर असते, ‘माझ्या डोळ्यात बघ’ असा आग्रह कुणी धरत नाही.

आता फायदा किती, तेही सरळ सांगायला हवं. उत्तर इंग्लंडमधल्या 98 शाळांतल्या 250 स्वमग्न मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल 2023 मध्ये आला. गट चालवले ते शाळेतल्याच माणसांनी, थोडं प्रशिक्षण घेऊन, एकूण 12 वेळा. मुलांच्या मिसळण्यात सुधारणा दिसली, पण ती लहान होती. मूल एका महिन्यात बदलेल अशी आशा कुणी धरू नये. स्वमग्नता हा ताप नाही की औषधानं उतरेल. ती ‘पूर्ण बरी करतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

मग आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत यातलं काय करता येईल? लेगो महाग पडतात. अभ्यास लेगोवर झालाय, बाजारातल्या साध्या ठोकळ्यांवर नाही, हे खरं. पण कामाची वाटणी करायला पैसे लागत नाहीत. जोडायचे कोणतेही ठोकळे आणि बाईंनी काढलेलं चित्र यावर सुरुवात होऊ शकते. बोलता न येणारं मूल बोटानं किंवा चित्राच्या कार्डानं दाखवू शकतं. वस्तू तोंडात घालणारं मूल असेल तर बारीक तुकडे नकोत.

त्याआधी निदान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, तेव्हा मनात आलेली शंका बोलून दाखवा. पथक पुढं जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतं. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्ट नोंदवलेली आहे, त्यामुळे या कारणावरून मुलाला शाळेत घेत नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

गटातली बाकीची दोन मुलं निवडताना वर्गातली सगळ्यात हुशार किंवा बडबडी घेऊ नका, ती सगळं काम स्वतःच उरकतात. थांबून ऐकणारी घ्या. आणि त्या तासाला ‘उपचार’ म्हणू नका. ‘ठोकळ्यांचा क्लब’ म्हटलं की बाहेरची पोरंही ‘आम्हाला घ्या’ म्हणत दारात उभी राहतात.